वय सांगा, पण टॉलरन्ससकट!

‘अँटिक’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. माळ्यावरून चामड्याच्या कव्हरातला एखादा काळा कॅमेरा खाली आला, की घरातलं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, “शंभर वर्षांचा आहे, इंग्रजांच्या काळातला!” पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी चक्कर मारा, तिथेही हीच भाषा. इंटरनेटवर तर विचारूच नका. आणि गंमत म्हणजे, हे ऐकून मान डोलावणारे आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी! शाफ्टचा व्यास आपण २० ± ०.०५ असा लिहितो. नुसतं २० लिहिलं तर सर शीट परत करतात. मग कॅमेऱ्याचं वय सांगताना तो टॉलरन्स जातो कुठे?

माझं मत सरळ आहे. जुन्या वस्तूचं वय म्हणजे एक आकडा नव्हे, त्या दोन मर्यादा असतात. ‘याच्या आधीची असूच शकत नाही’ ही एक आणि ‘याच्या नंतरची असूच शकत नाही’ ही दुसरी. मेट्रॉलॉजी लॅबमधला गो आणि नो-गो गेज आठवा. कॅमेऱ्यावरची प्रत्येक खूण म्हणजे असाच एक गेज. बॉडीवर ‘वेस्ट जर्मनी’ कोरलंय? मग तो १९४९ च्या आधीचा नाही आणि १९९० नंतरचाही नाही. फिल्मच्या कप्प्यात डब्यावरचा कोड वाचणारे सोनेरी पॉइंट आहेत? ती डीएक्स पद्धत १९८३ ची, म्हणजे कॅमेरा त्यानंतरचा. इंग्रजांचा काळ तिथेच बाद!

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या घरांमधून हमखास भेटणारा कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. मूळ मॉडेल जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि पुढे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने ते भारतात बनवलं. आमच्याकडेही एक आहे, मेड इन इंडिया. “कंपनीत लागलो त्या वर्षी घेतला,” एवढीच आजोबांची साक्ष. आता गेज लावू. भारतीय बनावटीचा, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या आधीचा नाही. कव्हरात दुरुस्तीची पावती निघाली, तिच्यावर सहा आकडी पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. पण सावधान! ते वय पावतीचं, कॅमेऱ्याचं नाही. आत्याच्या बारशाच्या निगेटिव्ह मात्र १९७४ च्या, आणि त्यांच्या कडेला एक बारीक खाच उमटलीय. कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीच्या कडेला अगदी त्याच जागी तसाच ओरखडा आहे. म्हणजे १९७४ ला हाच कॅमेरा घरात होता.

उत्तर : १९६७ ± ७ वर्षं.

आजोबांच्या नोकरीच्या कागदांवर १९६९ साल आहे. ते मर्यादेत बसतं. त्यांची गोष्ट सिद्ध झाली नाही, पण खोटीही ठरली नाही. मला वाटतं, घरच्या आठवणींशी वागण्याची हीच सभ्य पद्धत आहे. आंधळेपणाने मान डोलवायची नाही आणि हसून उडवायचंही नाही.

महागड्या कॅमेऱ्यांवर थेट कोड असतात. बऱ्याच रशियन झेनिटच्या सिरियल नंबरातले पहिले दोन आकडे हे वर्ष असतं. कोडॅकने आपल्या अनेक लेन्सवर ‘कॅमेरॉसिटी’ हा दहा अक्षरांचा इंग्रजी शब्द वापरला. सी म्हणजे १, ए म्हणजे २, असं करत शेवटचं वाय म्हणजे शून्य. लेन्सवर ‘ईओ’ असेल तर ४६, म्हणजे १९४६. कॅननच्या लेन्सच्या मागच्या बाजूला कारखान्याचं अक्षर, मग वर्षाचं अक्षर, मग महिना. वर्षाची अक्षरं १९६० पासून ‘ए’ ने सुरू, त्यामुळे ‘व्ही’ म्हणजे १९८१. पण ‘झेड’ नंतर १९८६ ला पुन्हा ‘ए’! म्हणजे ‘व्ही’ २००७ सुद्धा असू शकतं. लेन्स हाताने फोकस करायची जुनी एफडी असेल तर १९८१ च. एका खुणेवर निकाल नाही, दुसरी साक्षीला हवीच. शिवाय लेन्स निघते, बदलते. लेन्सचं वय हे बॉडीचं वय नव्हे. आणि सोव्हिएत फेड किंवा झोर्कीवर ‘लायका’ कोरून विकणारे महाभागही जगात आहेतच.

कुणी म्हणेल, “वर्ष कळून काय करायचंय? चालतो का ते बघ!” तर मित्रांनो, फरक पडतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, १९७० ला नगरपालिका आणि १९८२ ला महानगरपालिका. या काळात गावोगावहून आलेल्या माणसांनी क्वार्टरसमोर, नव्या सायकलीशेजारी, शेडच्या दारात फोटो काढले. ते ट्रंकांमध्ये पडून आहेत, बहुतेकांवर तारीख नाही. ज्या कॅमेऱ्याने ते काढले तो भंगारात गेला, की त्या फोटोंची एक मर्यादाच गेली. या पट्ट्यातल्या कामगारांचा इतिहास दुसरं कोण लिहून ठेवणार आहे?

आणि हे फक्त जुन्या वस्तूंपुरतं नाही. चाकणला ट्रेनिंगला गेलात तर प्लास्टिकच्या पार्टची आतली बाजू बघा. शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ, कडेला १ ते १२, मध्ये बाण आणि वर्षाचे आकडे. पार्ट कधी पडला ते तो स्वतःच सांगतो. पण महिना बदलल्यावर बाण फिरवायला कुणी विसरलं, तर हजारो पार्ट एकसुरात खोटं बोलतात! एका कारखान्यात मी शिफ्ट संपताना इन्स्पेक्शन शीट भरताना पाहिली. एकच पेन, एकच दम, आठ तासांची रीडिंग. गाडी रस्त्यात बंद पडल्यावर याच कागदावरून कुणीतरी दोषी बॅच शोधायला बसणार. त्याला मिळणार काय? सुबक अक्षरातली थाप. आपल्या जर्नलवरच्या तारखांबद्दल मी इथे बोलत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे.

तेव्हा एवढंच करा. या सुट्टीत माळ्यावरचा कॅमेरा खाली काढा, घरातल्या मोठ्यांना त्यांच्या आठवणी विचारा, खुणा तपासा. मग एका पाकिटावर लिहा : या सालापासून या सालापर्यंत, आणि का. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका, ठसा पुढे उमटतो. आणि कुणी शंभर वर्षं म्हणालंच, तर भांडू नका. फक्त विचारा, “प्लस-मायनस किती?”