वेगवान गाडीची जुनी वही



गेल्या दिवाळीत पेढीवरचे वहीपूजन आटोपले, फराळाची ताटे समोर आली आणि माझ्या पुतण्याने नेमका तो मुहूर्त साधून विषय काढला. "काका, मला गाडी घ्यायची आहे. जुनी, पण जोरदार." दादा, म्हणजे त्याचे वडील, चकली मोडता मोडता थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ मला चाळीस वर्षांच्या सवयीने कळतो : याला तूच समजाव.

मुलगा सव्वीस वर्षांचा. चाकणच्या कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी आणि पॅकिंगचे सामान पुरवण्याचा व्यवसाय त्याने घरच्या पेढीपासून वेगळा, स्वतःच्या हिमतीवर उभा केला आहे. पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकातून निघायचे, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करीत चाकण गाठायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे, हा त्याचा नित्यक्रम. साठवलेले साडेनऊ लाख रुपये त्याचे स्वतःचे होते. दादांची चिंता पैशाची नव्हतीच. तीस वर्षे त्यांनी नाशिक महामार्गाने माल पाठवला. त्या रस्त्याने किती घरांतली माणसे परत येऊ दिली नाहीत, हे त्यांनी जवळून पाहिले आहे.

शेवटी त्यांनी अट घातली. "गाडी काकांनी पारखल्यावर घे. आणि पैसे देण्याआधी मला तिच्यात बसवून चाकणला ने आणि परत आण. जाता-येता माझा हात दारावरच्या मुठीकडे एकदाही गेला नाही, तर घे."

मुलाने कागदावर तीन रकाने पाडले : ताकद, रूप आणि साधने. तिन्हींत भरपूर गुण मिळवणारी गाडी शोधायची, असा त्याचा बेत. मी चौथा रकाना ओढला आणि त्यावर लिहिले, 'मागचा मालक'. तो हसला. त्या रकान्याचे महत्त्व त्याला पुढे पंधरवड्याने पटले.

आपण राहतो तो पट्टा म्हणजे अशा गाड्यांचे माहेरच. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तेथे पोलो तयार होऊ लागली. तिची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ मध्ये आली : १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरांची स्वयंचलित पेटी. २०२० मध्ये तिला एक लिटरचे, ११० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले आणि २०२२ मध्ये पोलोची येथील वाटचाल संपली. त्याच वर्षी चाकणमधूनच व्हर्टस आली. तिच्या दीड लिटरच्या जीटी आवृत्तीची शक्ती १५० अश्वशक्ती. रांजणगावहून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो निघाली, १४५ अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जुळवलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २०१७ मध्ये बाजारात आली, २३० अश्वशक्तीची. या सगळ्या गाड्या आज जुन्या बाजारात फिरत असतात आणि तरुणांची मने त्यांच्यामागे फिरत असतात.

त्यांतली ऑक्टाव्हिया मुलाच्या मनात भरली होती. सुमारे पंचवीस लाखांना विकली गेलेली गाडी आता बरीच खाली आली आहे, थोडे कर्ज काढले की झाले, हा त्याचा हिशेब. येथे मी त्याला जुन्या गाडीच्या व्यवहाराचे पहिले सूत्र सांगितले : गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. रुंद टायर, मोठे ब्रेक, विम्याचा हप्ता, हे सारे पंचवीस लाखांच्या गाडीच्या हिशेबानेच येत राहते. मुद्दल परवडले म्हणजे गाडी परवडली असे नव्हे. पुंटोबाबत अडचण वेगळी. फियाटने आपल्या नावाच्या गाड्या येथे विकणे २०१९ मध्ये थांबवले. सुट्या भागांचा माग काढण्याची हौस आणि सवड असलेल्याने ती जरूर घ्यावी. रोज सकाळी नऊला गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहणे ज्याला भाग आहे, त्याने दोनदा विचार करावा.

तीन रकान्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण ते तिन्ही एका गतीने म्हातारे होत नाहीत. साधने सर्वांत आधी जुनी होतात. सात वर्षांपूर्वी ज्या पडद्याचे कौतुक होते, तो आज बोट लावल्यावर विचार करीत बसतो. त्यामुळे साधनांसाठी वाढीव किंमत मोजू नये. मात्र जी आहेत ती प्रत्येक चालू आहे का, हे दहा मिनिटे बसून पाहावे, दोन्ही किल्ल्या मागाव्यात आणि मागच्या मालकाचे फोन व पत्ते पडद्यातून पुसून घ्यावेत. रूपाचे म्हणाल तर ते सर्वांत सहज उजळते. रंगाचा नवा हात आणि चकचकीत पॉलिश दोन दिवसांत होते. म्हणूनच रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र सोबत न्यावे. एका दारावरचा आकडा बाकीच्या दारांच्या दुप्पट आला, तर त्या दाराला काय झाले होते हे विचारावे. ताकद मात्र मागच्या मालकाच्या हातात असते. टर्बो इंजिनाला वेळेवर योग्य तेल मिळाले असेल तर ते वर्षानुवर्षे साथ देते. न मिळाले तर बाहेरून काहीही दिसत नाही आणि एके दिवशी मोठे बिल येते.

पहिली गाडी पाहिली ती एका विक्रेत्याकडे. तिच्या कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. लाल ब्रेक, काचेचे छप्पर, भला मोठा पडदा. मुलाचे डोळे लकाकले. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. पण स्टिअरिंगचा वरचा भाग घासून गुळगुळीत झाला होता आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर एका कडेने पार झिजले होते. पेढीवर बसणाऱ्या माणसाला जुने नाणे हातात घेताच कळते, तसे काहीसे झाले. सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या. "आधीच्या मालकाकडून हरवल्या," असे उत्तर आले. मग आम्ही गाडीचा क्रमांक घेऊन सर्व्हिस केंद्रात चौकशी केली. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत आकडा होता ६३ हजार.

परतताना मुलगा गप्प होता. शिवार चौकापाशी म्हणाला, "काका, बाकी गाडी तर चांगलीच होती ना?" मी म्हटले, "बाळा, ज्या वहीत एक आकडा खोटा निघाला, तिच्यातले बाकीचे आकडे कशाच्या जोरावर खरे धरायचे?" त्या रात्री त्याने चौथा रकाना पहिल्या क्रमांकावर आणला.

पुढच्या प्रत्येक गाडीसाठी आम्ही एक क्रम ठरवला. तो वाचकांच्या उपयोगी पडावा. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. सुरू करताच निळसर धूर दिसला तर तेल जळते आहे असे समजावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच सुमाराचे असतील तर मालक काळजीवाहू. चार चाकांना चार प्रकारचे टायर असतील तर त्याने इंजिनाच्या तेलातही काटकसर केलीच असेल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडीत पाणी शिरले होते. पवनेचे पाणी पावसाळ्यात काठच्या वस्त्यांत आणि तळघरातल्या वाहनतळांत कसे शिरते, हे आपल्या भागात कोणाला वेगळे सांगायला नको. वेगवान गाड्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा : इंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढवली होती का? विकताना तो फेरफार काढून टाकतात, पण तोवर पडलेला ताण मागे राहतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते, आणि अपघाताच्या वेळी विमा कंपनी हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

कागदपत्रांत नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा उरला आहे का हे आधी पाहावे. कर्ज फिटले असले तरी बोजा उतरवल्याखेरीज मालकी बदलत नाही. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३०, बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५. पैसे देऊन गाडी घरी आणली आणि नाव मात्र जुन्याच मालकाचे, ही ढिलाई पुढे दोघांनाही कोर्टाची पायरी दाखवते. विमा आपल्या नावावर करून घ्यावा. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र मागच्या मालकाची, ती गाडीबरोबर येत नाही.

आता पेढीचा प्रश्न. "गाडी फर्मच्या नावाने घेऊ का?" असे मुलाने विचारलेच. प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना सर्वसाधारणपणे मिळत नाही; घसारा मात्र वर्षाला १५ टक्के मिळतो. पण जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत फर्मने जुनी गाडी विकली तर फरकाच्या रकमेवर १८ टक्के कर आहे. दहा लाखांची गाडी तीन वर्षांच्या घसाऱ्यानंतर वहीत ६ लाख १४ हजारांना उरते. ती ७ लाखांना विकली तर फरक ८६ हजारांचा, कर सुमारे साडेपंधरा हजार. फरक उणे आला तर कर नाही. म्हणून विकत घेताना विक्रेता संपूर्ण किमतीवर १८ टक्के मागू लागला, तर त्याला शांतपणे फरकाचा हिशेब विचारावा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही त्याच मापाने उतरायला हवा. जुन्या भावाचा कागद दाखवणाऱ्याशी घासाघीस करण्यात संकोच नसावा.

अखेर निगडीच्या एका गृहस्थांची २०२१ ची पोलो जीटी मिळाली. पांढरा रंग, कापडी बैठका, पडदा बेताचाच. पहिलाच मालक, प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेनुसार लावलेली फाइल आणि त्यात एका पंक्चरचीसुद्धा चिठ्ठी. गिअरपेटीचाही विचार केला होता. २०१३ च्या आवृत्तीतला दुहेरी क्लच कोरडा असतो. चाकणच्या तळेगाव चौकातल्या मुंगीच्या गतीत तो तापतो. २०२० नंतरच्या स्वयंचलित पोलोत सहा गिअरांची, टॉर्क कन्व्हर्टरची पेटी आहे; ती अशी गर्दी अधिक सोसते. टर्बोमुळे जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे ट्रकला ओलांडताना विरुद्ध बाजूला कमी वेळ राहावे लागते. ताकदीचा खरा उपयोग हाच.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "चामडे कुठे आहे का?" हा प्रश्न आपल्या घरांत विचारलाच पाहिजे. बैठका कापडी असल्या तरी स्टिअरिंगवर अनेकदा खरे चामडे असते; उलट 'लेदर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बैठका बहुधा कृत्रिमही असतात. कंपनीचे माहितीपत्रक नीट वाचले की उलगडा होतो. या गाडीच्या स्टिअरिंगवर खरे चामडे होते. कारागिराकडून ते उतरवून कृत्रिम आवरण शिवून घ्यायचे ठरले.

मग दादांची फेरी. ते पुढे बसले, मी मागे. नाशिक फाट्याच्या पुलावर मुलाने वेग मुद्दाम आवरला आहे असे मला वाटले; मोशीपुढे मात्र तो आवरलेला नव्हता, त्याचा नेहमीचाच होता, हे लक्षात आले. एकदाच, एका कंटेनरला ओलांडताना, गाडी झेपावली आणि लगेच आपल्या मार्गिकेत शांत झाली. दादांचे दोन्ही हात मांडीवर होते. परतताना भोसरीच्या सुमारास पाहिले तर त्यांची मान किंचित कलली होती. ते झोपले होते.

घरी आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. आत जाऊन एक कोरी वही घेऊन आले, पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहिली आणि ती मुलाच्या हाती दिली. "हिच्यात सगळे लिहायचे. तेल, टायर, दंडसुद्धा. उद्या कोणी तुझ्याकडून ही घेईल, त्याला ही द्यायची."

वहीत आज चार नोंदी आहेत. दंडाचा रकाना अजून कोरा आहे.