शहराचा धूर, किनाऱ्याचा कोळसा

प्रति,
अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई



मार्च 2020 अखेर देश बंद झाला आणि थोड्याच दिवसांत मुंबईच्या निळ्या आकाशाचे फोटो आमच्या मालगुंड गावातल्या मोबाइलवर येऊ लागले. पाठवणारे आमचेच चाकरमानी, दहा बाय दहाच्या खोलीत अडकलेले. इथे हापूस तयार होता आणि वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. त्या निळाईचं कौतुक आम्ही जरा बेतानेच केलं.

तरी त्या दिवसांत जे दिसलं ते मुद्दाम घडवून आणता आलं नसतं. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हवेत काही तासच टिकतो. गाड्या थांबल्या तसा तो ओसरला. युरोपीय अवकाश संस्थेच्या उपग्रह नोंदींत मुंबई-दिल्लीवर तो आदल्या वर्षीपेक्षा 40 ते 50 टक्के कमी दिसला. कार्बन डायऑक्साइडची जात वेगळी. एप्रिलच्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन 2019 च्या मानाने 17 टक्क्यांनी घटलं, तरी हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत मे महिन्याची सरासरी 417 पीपीएम भरली, तोवरचा उच्चांक. पिढ्यान् पिढ्या साचलेला वायू दोन महिन्यांच्या टाळेबंदीने हलत नाही. मिथेन तर त्या वर्षी उलट झपाट्याने वाढला, आणि त्याला काही अंशी हातभार स्वच्छ हवेचाच होता: नायट्रोजनची ऑक्साइडं घटली की मिथेनचा नाश करणारे हवेतले हायड्रॉक्सिल कणही घटतात!

म्हणून शहराची हवा आणि तापमानवाढ हे विषय एकाच मथळ्याखाली उरकले जातात तेव्हा मला शंका येते. मुंबईत विजेवरची बस धावते, उत्तमच. मागे उभ्या असलेल्याच्या नाकात धूर जात नाही. पण राज्यातली बरीचशी वीज कोळशाचीच. आमच्या उत्तरेला जयगडला 1200 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे; त्याच्या मंजुरीच्या वेळी हापूसचं काय होणार, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा घातली. मग मुदतवाढींवर मुदतवाढी, आणि जुलै 2025 मध्ये मोठ्या शहरांपासून लांब असलेल्या बहुतेक केंद्रांना तो वायू अडवणारी यंत्रणा बसवण्यातून सूट. फुप्फुसांची किंमत शहरापासूनच्या अंतरावर ठरते की काय?

नियम केंद्राचा, हे ठाऊक आहे. मोजमाप मात्र तुमच्या हातात आहे. जयगड ते गणपतीपुळे या पट्ट्यात बारा महिने चालणारं हवा मोजणारं यंत्र मालगुंडात बसवा आणि रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागू द्या. शहरांच्या हवेचे अहवाल काढाल तेव्हा त्या शहरांना लागणाऱ्या विजेचा कार्बन शेजारच्या रकान्यात छापा. पुन्हा कधी देश थांबलाच, तर इथल्या हवेत काय फरक पडला हे आम्हाला दिल्ली-मुंबईच्या फोटोंवरून ताडावं लागू नये.

आंब्याला मोहोर थंडीत येतो. यंत्र त्याआधी लागलं तर मोहोरापासून तोडणीपर्यंतचा अख्खा हंगाम नोंदला जाईल. जागा आम्ही दाखवू.

कळावे.

आपला,
मालगुंडचा एक आंबा बागायतदार