घरीच असतो म्हणजे काय?

वसमत-कळमनुरीकडे हळद शिजवताना बॉयलरपाशी रात्रभर जागणारा पोरगा पंचविशी ओलांडलेला असतो. बापाला विचारा, काय करतो? "काही नाही, घरीच असतो." बरोबरीचे पुण्याला कंपनीत गेले, आपणच मागे राहिलो, हे त्याच्या मनात बसतं ते याच शब्दांनी. सातबारा वडिलांच्या नावे, म्हणून महाडीबीटीवर ठिबकचा अर्जही त्यांच्याच नावे. राबणारा कागदावर कुठंच नाही. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आडतीची पट्टी बापाच्याच खिशात. जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटणी होते. पण वडिलांची धास्तीही खोटी नाही, नाव उतरल्यावर म्हातारपणी कोण विचारतो? मग निदान एका एकराचा हिशेब त्याच्या हाती द्या. बेणं, खत, पट्टी, अन् तोटासुद्धा त्याचाच.