चोरी कबूल, पण भाव कोणाचा पडला?



कस्टमचा कायदा हा काही आपल्या पारावर निघणारा विषय नाही. न्हावाशेवा, कंटेनर, बिल ऑफ एंट्री असे शब्द आले की आपला कार्यकर्ता म्हणतो, ते व्यापाऱ्यांचे ते बघतील, आपण कांद्याचे बोलू. पण कांद्याचे बोलायला बसले तरी गाडी कस्टमच्या दारातच जाऊन थांबते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, ते वसूल करणारे खाते हेच. त्याच खात्याच्या कायद्यात आयातदारांसाठी एक नवी सोय झाली आहे. तिची माहिती आपल्याला असायला हवी, कारण तिची झळ द्राक्षबागेपर्यंत येते.

सोय अशी. परदेशातून माल आणणारा व्यापारी मालाची किंमत, प्रकार आणि मूळ देश स्वतः लिहून देतो आणि शुल्कही स्वतःच आकारतो. २०११ पासून ही स्वयंआकारणीची पद्धत चालू आहे. बहुतेक माल उघडून न पाहता सुटतो. पुढे त्यालाच वाटले की आपण कमी शुल्क भरले, तर नोटीस येण्याआधी शुल्क आणि व्याज भरून तसे लेखी कळवायचे, म्हणजे त्या रकमेची नोटीस निघत नाही. कस्टम कायद्याच्या कलम २८ मध्ये ही मुभा आधीपासून होतीच. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ घालून त्यापुढे पाऊल टाकले. आता माल सुटून गेल्यावरही आयातदार किंवा निर्यातदार आपली नोंद आपणहून दुरुस्त करू शकतो. शुल्क कमी भरले असेल तर व्याजासह भरायचे, जास्त भरले असेल तर परत मागायचे. मात्र खात्याने तपासणी, झडती किंवा समन्स काढून तसे कळवले असेल, तर हे दार बंद. चोर पकडल्यावरची कबुली चालत नाही, एवढा शहाणपणा कायद्यात आहे. आणि चोरी जाणूनबुजून केली असेल तर? नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत शुल्क, व्याज आणि शुल्काच्या १५ टक्के दंड भरला की, खटल्याची कलमे सोडली तर, प्रकरण मिटते.

अशी वाट ठेवणारे आपण एकटे नाही. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यातही सरकारला सुगावा लागण्याआधी कबुली देणाऱ्याला सूट आहे. निष्काळजीपणाची चूक असेल तर फक्त व्याजावर सुटका होते.

यावर आपली भूमिका काय? काही मित्रांचे म्हणणे असे, की बड्या आयातदारांना सरकारने मोकळे रान दिले, मोर्चा काढा. आम्हाला ते पटत नाही. लायसेन्स-परमिट राज्याविरुद्ध आपण उभा जन्म भांडलो. व्यापाऱ्याच्या सहीवर विश्वास ठेवू नका, त्याच्या मागे आणखी दहा इन्स्पेक्टर लावा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? इन्स्पेक्टर वाढले की हप्ता वाढतो आणि तो शेवटी मालाच्या भावातूनच निघतो. चूक झाली, कबूल करतो, पैसे भरतो, असे म्हणणाऱ्याला वाट असलीच पाहिजे.

आमची हरकत वेगळी आहे. ही कबुली होते तिजोरीपुढे. नुकसान मात्र तिजोरीचे एकटीचे नसते.

बेदाण्याचेच घ्या. तासगाव-सांगलीकडे बेदाणा हेच मुख्य पीक धरून बागा आहेत. आपल्या निफाड-पिंपळगावकडे निर्यातीतून आणि खाण्याच्या द्राक्षातून उरलेल्या मण्यांचा बेदाणा होतो आणि वाईट हंगामात तोच औषधाची उधारी फेडतो. २०२५ मध्ये राज्याच्या द्राक्ष बागाईतदार संघाने तक्रार केली, की चीनचा बेदाणा शुल्क चुकवून देशात येतो आहे आणि त्याने बाजार पडतो आहे. शुल्क चुकवायच्या वाटा जुन्याच आहेत. किंमत कमी दाखवायची, नाहीतर देश बदलायचा. साफ्टा करारात अफगाणिस्तानच्या मालाला शुल्कात सवलत आहे, म्हणून भलत्याच देशाच्या मालावर अफगाणिस्तानचे लेबल लावण्याचा मोह होतो. हिमाचल-काश्मीरचे सफरचंदवाले इराणी सफरचंदाबद्दल हेच गाऱ्हाणे करत आले आहेत. सवलतीने आणलेला माल खरोखर त्याच देशाचा आहे याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी, असा नियम २०२० पासून आहे. कागद ठेवणारा ठेवतोही. बेदाण्याच्या मण्यावर मात्र गाव लिहिलेले नसते.

आता हिशोब मांडू. समजा, एका आयातदाराने १० लाख रुपये शुल्क चुकवले आणि वर्षाने त्याला उपरती झाली. व्याजाचा दर सालाला १५ टक्के. तो साडेअकरा लाख भरतो आणि मोकळा होतो. सरकारचे नुकसान व्याजासह भरून निघाले. पण त्याच्या मालामुळे सौद्यात किलोमागे २० रुपये भाव उतरला असेल, तर ५ टन बेदाणा विकणाऱ्या बागाईतदाराचे लाखभर रुपये गेले. ते भरून द्यायचे कायद्यात कोणाच्या ध्यानीमनी नाही. सोसायटीचे व्याज मात्र त्याच्या खात्यावर चढत राहते. आपला भाव का पडला, हेही त्याला कधी कळत नाही. कोणी म्हणतो पीक जास्त झाले, कोणी म्हणतो गिऱ्हाईक नाही, आणि तो मान हलवून घरी येतो.

का कळत नाही? कबुली आयातदार आणि अधिकारी यांच्यातच राहते. त्यात २०२२ साली कायद्यात कलम १३५अअ आले. कोणत्या आयातदाराने कितीचा माल आणला ही माहिती परवानगीवाचून कोणी छापली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापाऱ्याची गुपिते जपावीत, याला आमची ना नाही. पण केंद्र सरकारने स्वतः माहिती छापायला या कलमाची आडकाठी नाही. मग सरकारला अडवतो कोण?

दुसरे पारडेही बघा. आयातदाराला चूक सुधारायला सवड आहे. शेतकऱ्याला किती होती? पीकविम्यात स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांत कळवायचे, नाहीतर दावा गेला, असा नियम वर्षानुवर्षे होता. १९७२ पासून एकाधिकार खरेदी असताना खानदेश-विदर्भातला शेतकरी स्वतःचा कापूस चांगल्या भावासाठी राज्याबाहेर नेऊ लागला, तर तो गुन्हेगार ठरे. त्याला कोणी विचारले नाही, की बाबा, आपणहून कबूल करतोस का. कांद्यावर शुल्क आले, मग ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, मग ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तरी शुल्क राहिलेच, ते १ एप्रिल २०२५ ला गेले. बंदीच्या काळात टोमॅटोआड कांदा दडवलेले कंटेनरही कस्टमने पकडले. त्या लबाडीचे समर्थन आम्ही करत नाही. पण बाजाराच्या तोंडाला कुलूप घातले की खिडकीतून उड्या पडतात, आणि त्या काळात ज्याने लासलगावला मातीमोल कांदा दिला, त्याला फरक परत मागण्याचे कलम कोणत्याच कायद्यात नाही. जास्त भरलेले शुल्क व्यापारी परत मागू शकतो. शुल्क भावातून कापले गेले होते शेतकऱ्याच्या.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे ठराव मांडत आहोत. शेतमालाच्या आयातीत आपणहून केलेली प्रत्येक दुरुस्ती सरकारने महिन्याच्या महिन्याला जाहीर करावी. आयातदाराचे नाव नको. माल कोणता, किती टन, कोणत्या देशाचा म्हणून आणला आणि खरा कोणत्या देशाचा निघाला, किंमत किती दाखवली आणि खरी किती, एवढे पुरे. दुसरे, अशा कबुलीतून येणारे व्याज आणि दंड त्याच पिकाच्या बाजारासाठी, म्हणजे शीतगृह, प्रतवारी आणि प्रयोगशाळा यांसाठी वेगळे काढावेत. अनुदान म्हणून नव्हे, आमच्या भावातून गेलेल्या पैशातला वाटा म्हणून. तिसरे, निर्यातीवर शुल्क किंवा बंदी घालायचीच झाली तर ती रातोरात नको. बंदराच्या वाटेवर असलेला माल तरी सोडावा.

ठरावाला बळ लागते ते कागदाचे. सरकार आकडे देईल तेव्हा देईल, आपले आपल्याजवळ हवेत. गेल्या तीन हंगामांत ज्यांनी बेदाणा किंवा मणी विकले, त्यांनी हिशोबपट्ट्यांच्या झेरॉक्स बैठकीला आणाव्यात. तारीख, वजन आणि भाव वाचता आला पाहिजे. अडत्याचे नाव झाकले तरी चालेल. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी त्या महिनावार लावून द्याव्यात.