अंगाने बारीक असलात तरी साखर तपासा

संगमेश्वर तालुक्यातील सर्व ग्रामस्थ, बचत गटांच्या भगिनी आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी यांस कळकळीचे आवाहन.

“एवढा काटकुळा माणूस, त्याला कसली आलीय शुगर!” असे आपल्या वाड्यावाड्यांत सर्रास म्हटले जाते आणि तपासणी राहून जाते. मग पायाची जखम चिघळली की धावाधाव. हा समज आपल्याच लोकांना सर्वांत महागात पडतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. मोठेपणीही तेच. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बारीक अंगात दडलेली ही चरबीच मधुमेहाचा धोका वाढवते.

असे का? १९६२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी मांडले की, चार घास मिळताच चरबी साठवणारी शरीरे दुष्काळात तगली आणि तोच गुण पुढच्या पिढ्यांत उतरला. शिवाय मधुमेह बहुधा मुलेबाळे झाल्यानंतर गाठतो, त्यामुळे नैसर्गिक निवडीत तो सहसा गाळला जात नाही. नील यांच्या मांडणीवर शास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. पण वाडवडिलांकडून आलेली जनुके आपल्याला बदलता येत नाहीत. अशा शरीराला हातभार लावणारी, आईच्या पोटात होणारी बाळाची आबाळ मात्र थांबवता येते. म्हणून घरातल्या मुलींना सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले वाढणे बंद करा. डाळ, कुळीथ, अंडी, मासे, पालेभाजी त्यांच्या ताटात आधी पडू दे. शेजारच्या चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय कोकणातील किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा याच दृष्टीने अभ्यास करत आहे.

गर्भवतींनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी टाळू नये. ते पाणी गोडमिट्ट लागते, मळमळते, हे खरे. पण त्यावर दोन जिवांचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

वजनकाट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या, सरळ उभे राहा, श्वास सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेले तर तपासणी लांबवू नका. माप कमी आले, तरी तिशी उलटलेल्या प्रत्येकाने साखर पाहावीच. उपाशीपोटी १०० ते १२५ आली तर तो धोक्याचा इशारा. १२६ किंवा अधिक आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

चाकरमान्यांनो, यंदा गणपतीला आलात की कामाच्या दिवशी एक सकाळ काढा, आईवडिलांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि त्यांच्यासोबत स्वतःचीही साखर तपासून घ्या.