भंगार की फिल्टर?

कात्रजचा जुना घाट. मागे एसटीचा हॉर्न, शेजारी गप्प बसलेले बाबा आणि चढ लागला की आचके देणारी आमची १९९८ची कार! सिग्नलला मात्र शहाण्यासारखी उभी असते. एका गॅरेजवाल्याचं फर्मान होतं, "कार्बोरेटर बदला, नाहीतर भंगारात काढा." बाबांनी तर आरसीची फाईलही शोधून ठेवली होती.

बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो. मग दोन वळणं मस्त चढली आणि पुन्हा तेच. इथेच ट्यूब पेटली! आयडलिंगला पेट्रोल थोडंसंच लागतं, चढावर मागणी वाढते. वाटेत अडथळा असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. थांबलं की भरते. (ॲक्सिलरेटर दाबताक्षणीच गाडी अडखळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे संशय ॲक्सिलरेटर पंपावर.) म्हणजे आधी पेट्रोलची वाट तपासायची.

दुसऱ्या मेकॅनिककाकांनी फिल्टर काढून उलटा फुंकला. फडक्यावर तपकिरी गंज! टाकी जुनी, पत्र्याची; त्यात हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साचलेला गाळ सोडवतं आणि जुनं रबरही खातं. चिरलेल्या नळ्या बदलल्या, फिल्टर नवा टाकला. खर्च? एका पिझ्झा पार्टीएवढा.

फाईल परत कपाटात गेलीय. टाकी धुणं बाकी आहे, तोवर एक जादा फिल्टर डिकीत.