एफ वन दाबा, पोरांनो

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस दलालाचं सगळं ऐकून घेतो. बैल किती दाती, औताला कसा, मारका आहे की गरीब, सगळं. पण खिशातले पैसे काढायच्या आधी तो बैलाचं तोंड उघडून दात स्वतः मोजतो. याच गावातली, याच घरांतली पोरं संगणकाची भाषा शिकायला बसतात तेव्हा मात्र दुसऱ्याच्या तोंडच्या माहितीवर विसंबून राहतात. मित्राचा प्रोग्रॅम, सीनियरचं जर्नल, यूट्यूबवरचा व्हिडिओ आणि आता चॅटबॉट. मूळ कागद उघडून बघत नाहीत. म्हणून हे आवाहन, काष्टीतल्या नि श्रीगोंदा तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना, आणि थोडं त्यांच्या पालकांना नि सरांनाही.

मूळ कागद म्हणजे डॉक्युमेंटेशन. भाषा ज्यांनी बनवली त्यांनीच लिहून ठेवलेली माहिती: कोणती आज्ञा काय करते, तिला काय काय द्यावं लागतं, ती काय परत देते, कुठे अडते. हे फुकट असतं आणि बहुतेक वेळा तुमच्या संगणकात आधीच येऊन पडलेलं असतं. विंडोजवर पायथॉन बसवताना डॉक्युमेंटेशनची खूण काढली नसेल, तर पायथॉनबरोबर येणारं आयडल उघडून एफ वन दाबा, पायथॉनची सगळी कागदपत्रं समोर येतात. नेट लागत नाही. गावात लाइट आणि रेंज यांचा भरवसा किती हे आपल्याला माहीत आहेच, त्यामुळे ही गोष्ट लहान समजू नका.

मी मुद्दाम एकच कोपरा घेऊन बोलतो: खिडकीतला मजकूर. म्हणजे ज्यात टाइप करता येतं, खोडता येतं, रंग देता येतो असा मजकुराचा चौकोन. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला पायथॉन होतं. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाला जावात एडब्ल्यूटी आणि स्विंग येतं, म्हणजे पुन्हा खिडक्या, बटणं आणि मजकुराचे चौकोनच. काष्टीतच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तेव्हा हा विषय काही परगावचा नाही. पण प्रॅक्टिकलला होतं काय? आकडेमोडीचे प्रोग्रॅम काळ्या खिडकीत चालवून दाखवायचे, स्विंगचे दोन प्रोग्रॅम पाठ करायचे, जर्नलवर सही घ्यायची आणि व्हायवाला देवाचं नाव घेऊन उभं राहायचं. मजकुराच्या चौकोनात खरी किती ताकद आहे, हे सबमिशन संपेपर्यंत कुणाला कळतच नाही.

ज्या आयडलमध्ये तुम्ही पायथॉन लिहिता, ते अख्खं आयडल पायथॉनमध्येच लिहिलेलं आहे. त्यातला मजकुराचा चौकोन म्हणजे टीकिंटरचा, म्हणजे पायथॉनमधल्या खिडक्या बनवायच्या साहित्याचा, टेक्स्ट विजेट. पायथॉनचा जनक गिडो व्हॅन रॉसम यानंच १९९८ च्या सुमारास आयडल सुरू केलं. टीकिंटरच्या खालचं टीके हे साहित्य त्याहून जुनं. जॉन ऑस्टरहाउट या प्राध्यापकानं अमेरिकेत बर्कलीला टिकल नावाची भाषा केली आणि तिच्यासाठी खिडक्या बनवायचं हे टीके केलं. म्हणजे रंगीत अक्षरं, ओळीचं आपोआप पुढे सरकणं, चुकलं तर मागे घेणं, हे सगळं ज्या चौकोनातून आयडलनं उभं केलं तोच चौकोन तुमच्याही हाताशी आहे. आयडलचा सगळा प्रोग्रॅम तुमच्या संगणकात लिब फोल्डरच्या आत आयडललिब नावानं पडलेला आहे. उघडून वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

रॅकेट नावाच्या दुसऱ्या भाषेत तर याला सरळ एडिटर टूलकिट म्हणतात आणि त्यावर कागदपत्रांचा स्वतंत्र विभाग आहे. तिचा मजकूर नुसता मजकूर नसतो. त्यात चित्र ठेवता येतं, एका एडिटरच्या आत दुसरा एडिटर ठेवता येतो, ओढून हलवता येतील अशा वस्तू ठेवता येतात. रॅकेट शिकायचं डॉक्टर-रॅकेट हे साधनही याच साहित्यातून बनलेलं. तिथेही एफ वनच. ज्याला पायथॉनचा कंटाळा आला असेल त्यानं सुट्टीत तो विभाग जरूर चाळावा. आपण मात्र पायथॉनवरच राहू, कारण ते तुमच्याकडे आहे.

एक काम घ्या. घरच्या दुधाच्या हिशेबाची वही खिडकीत उतरवा. तारीख, सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, फॅट, उधारी. मोठा डेटाबेस वगैरे नको, नुसता मजकुराचा चौकोन आणि जपून ठेवायचं एक बटण. दहा-पंधरा ओळींत होतं. आणि मग लगेच अडचणी सुरू होतात. त्या आल्याच पाहिजेत, त्याशिवाय कागद कशासाठी वाचायचा हे कळत नाही.

पहिली अडचण: मराठी मजकूर जपून ठेवायला गेलं की विंडोजवर लाल अक्षरांत चारमॅप असं काहीतरी लिहिलेली चूक येते. पोरं इथेच म्हणतात, पायथॉनला मराठी चालत नाही. खरं म्हणजे पायथॉनला मराठी उत्तम चालते. फाइल उघडणाऱ्या ओपन या आज्ञेचं पान उघडा. एन्कोडिंग सांगितलं नाही तर संगणकाची स्थानिक पद्धत धरली जाते, असं तिथे लिहिलेलं आहे. त्या स्थानिक पद्धतीत देवनागरी बसत नाही. एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-एट लिहा, चूक गेली.

दुसरी अडचण मजेशीर आहे. फाइल जपली, बंद केली, उघडली, पुन्हा जपली, की दर वेळी तळाला एक रिकामी ओळ वाढते. आठवड्याभरात हिशेबाखाली मोकळं रान. याचं कारण टीकेच्या कागदात दिलेलं आहे: मजकुराच्या शेवटी एक नवी ओळ कायम असते, ती तुम्ही दिलेली नसली तरी. तुम्ही अथपासून इतिपर्यंत मजकूर मागितला की तीही बरोबर येते. उपाय म्हणजे शेवट मागताना 'एन्ड' ऐवजी 'एन्ड उणे एक अक्षर' मागायचा, त्याची लिहायची पद्धत त्याच पानावर आहे. व्हिडिओत बघून प्रोग्रॅम उतरवणाऱ्याला ही ओळ कुठून आली हे वर्षभर कळत नाही.

तिसरी गोष्ट, मागे घेणं. कंट्रोल झेड दाबलं आणि काहीच झालं नाही? होणारच नाही. टेक्स्ट विजेटमध्ये ती सोय आधी बंद असते, अनडू चालू करा असं सांगावं लागतं. तसंच ओळ संपताना शब्द मधेच तोडायचा की अख्खा शब्द खाली घ्यायचा. न सांगता शब्द मधेच तुटतो. रॅपला वर्ड सांगितलं की शब्द शाबूत राहतो. एकेका शब्दाचं काम, पण पान वाचल्याशिवाय सापडत नाही.

आता जरा खोलात जाऊ, कारण इथे मराठी माणसाला इंग्रजी पुस्तकापेक्षा जास्त काम पडतं. टेक्स्ट विजेट जागा मोजतो ती ओळ आणि अक्षर अशी, मधे टिंब देऊन. ओळी एकपासून, अक्षरं शून्यापासून; म्हणून सुरुवात १.० ला. इंग्रजीत हे सरळ आहे. 'काष्टी' लिहून त्याची लांबी पायथॉनला विचारा. सहा सांगेल. क, काना, ष, पाय मोडायचं चिन्ह, ट, दुसरी वेलांटी: युनिकोडमध्ये ही सहा वेगवेगळी चिन्हं आहेत. विजेटकडून १.० ते १.४ मजकूर मागितला तर 'काष्' एवढंच हाती येतं. आणि १.४ का, १.३ का नाही? शेलमध्ये हेल्प लिहून कंसात टेक्स्टचं गेट विचारा. एका ओळीत उत्तर आहे की दुसरी जागा धरली जात नाही. तेव्हा उधारीच्या ओळीला लाल रंग द्यायचा असेल तर अक्षरं बोटावर मोजत बसू नका. विजेटलाच 'उधारी' हा शब्द शोधायला सांगा, सापडलेल्या जागेला टॅग लावा आणि टॅगला रंग द्या. टॅग आणि खुणा यांवर टीकेच्या कागदात वेगळी प्रकरणं आहेत, शोध आज्ञांच्या प्रकरणात आहे.

लिनक्सवर जोडाक्षरं मोडलेली दिसली तर घाबरू नका, तिथे टीके अक्षरं जुळवून दाखवण्यात कच्चं आहे. फाइलमधला मजकूर ठीक असतो. आणि लग्नपत्रिकेच्या दुकानातून आणलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर निव्वळ इंग्रजी गिचमिड दिसेल. त्यात पायथॉनचा दोष नाही. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच मराठी कपडे घातलेले असतात.

कागद वाचायचा कसा, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर एफ वन दाबून पोरगं दोन मिनिटांत परत फिरतं. टेक्स्ट विजेटची सविस्तर माहिती पायथॉनच्या पानात नाही, ती टीकेच्या मूळ पानात आहे आणि टिकल भाषेच्या हिशेबानं लिहिलेली आहे. बहुतेक जण इथेच हात टेकतात. पण टिकलमधलं पायथॉनमध्ये कसं वाचायचं, याची किल्ली टीकिंटरच्या पानातच दिली आहे. टिकलमध्ये रुंदी सांगायची तर शब्दाआधी उणे चिन्ह लावून पुढे आकडा लिहितात. पायथॉनमध्ये तोच शब्द कंसात, बरोबरच्या चिन्हासह. एवढं कळलं की निम्मं पान वाचता येतं. टीकेचं ते पान नेट मिळेल त्या दिवशी एकदा उतरवून ठेवा. पहिल्यांदा वाचताना जागा कशा सांगायच्या ते प्रकरण घ्या, मग टॅग, मग मागे घेण्याचं. शेवटी माहीत असलेल्या अडचणींचा भाग आहे, तो चुकवू नका. एकच ओळ फार लांब झाली तर विजेट मंदावतो, हे बनवणाऱ्यांनी स्वतःच तिथे कबूल केलं आहे. आपल्या मालाची खोड असं छापून सांगणारा विक्रेता दुसरा दाखवा.

इंग्रजीचं भय सोडा. हे इंग्रजी कादंबरीचं नाही. तेच तेच शब्द फिरून येतात, वाक्यं आखूड असतात. पहिल्या पानाला तास जाईल, पाचव्याला नाही. वहीत एका बाजूला आज्ञेचं नाव आणि समोर आपल्या मराठीत ती काय करते ते लिहा. अशी स्वतःच्या अक्षरातली वही व्हायवाला जर्नलपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण त्यातलं वाक्य तुम्हीच कमावलेलं असतं.

व्हिडिओ बघू नका असं माझं म्हणणं नाही. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम तर अनेक धडे मराठी आवाजात देतो, ते जरूर ऐका. सुरुवातीची भीती जायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. चॅटबॉटलाही विचारा. पण तो कधी कधी नसलेला पर्याय असल्यासारखा सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज जराही अडखळत नाही. त्यानं दिलेला शब्द कागदात आहे का, हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. ज्याला कागद वाचता येतो त्याच्या हातात चॅटबॉट चांगला गडी आहे. ज्याला येत नाही तो नुसता त्याच्यामागे फरपटत जातो.

पालकांना एवढंच: पोरगं तासभर एकच पान बघत बसलं आणि स्क्रीनवर काही हलत नसलं, तर ते टाइमपास करतंय असं समजून हाक मारू नका. एमएससीआयटीचं प्रमाणपत्र घरात आहे म्हणून संगणक शिकून झाला असंही समजू नका.

सरांना आणि मॅडमना हात जोडून विनंती. लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर टीकेच्या त्या पानाची प्रत ठेवा आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ती उघडू द्या. पाठ केलेला प्रोग्रॅम लिहून घेण्याऐवजी चालू प्रोग्रॅम देऊन सांगा, यात मागे घ्यायची सोय घाल, किंवा सापडलेला शब्द पिवळा कर. बघा कोण पान उलटतं. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, मार्कही कमी पडतील, पालकांचे फोन येतील. तयारी ठेवावी लागेल.

आणि ज्यांना हे वाचता येऊ लागलं त्यांच्यासाठी काम पडून आहे. पायथॉनच्या कागदपत्रांची भाषांतरं जगभरचे स्वयंसेवक करतात. जपानी, कोरियन, फ्रेंच लोकांनी आपापली करून घेतली आहेत, आणि त्याची ठरलेली रीत २०१७ पासून लिहून ठेवलेली आहे. अख्खं पुस्तक नको. टीकिंटरच्या पानातला टिकल ते पायथॉन हा भाग घ्या, दोघं-तिघं मिळून मराठीत उतरवा, वर्गातल्या ज्याचं इंग्रजी सगळ्यात कच्चं आहे त्याला वाचायला द्या, आणि त्याला जिथे अडलं तिथे वाक्य बदला.